मुलासाठी नोकरी सोडताय? पगारातून पाळणाघर वजा करून थांबू नका

प्रसूतीची रजा संपत आली की पुष्कळ घरांत एक तोंडी हिशेब होतो. तिचा पगार इतका. पाळणाघर इतकं, स्वयंपाकाच्या मावशी इतक्या, जाण्यायेण्याला इतके. मग हातात उरलं काय? ‘एवढ्यासाठी कशाला ती ओढाताण!’ हे कधी नवरा म्हणतो, कधी सासूबाई म्हणतात, आणि बऱ्याचदा ती स्वतःच म्हणते.

या हिशेबातली बेरीज-वजाबाकी बरोबर असते. पण मूल दोघांचं असताना पाळणाघराची फी फक्त तिच्या पगारातून का वजा होते, हे कोणी विचारत नाही. तीच फी दोघांच्या एकत्र उत्पन्नातून वजा करून पाहा. ‘तिचं कमावणं परवडत नाही’ हे वाक्य लगेच ‘घराचा एक मोठा खर्च वाढलाय’ असं होतं, आणि वाढलेल्या खर्चावर नोकरी सोडणं हा एकच उपाय नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मुलासाठी घरी राहण्यात चूक काहीच नाही, आणि नोकरी चालू ठेवण्यातही नाही. मात्र नोकरी सोडल्यावर जो धोका तयार होतो तो जवळजवळ सगळा एकाच माणसाच्या डोक्यावर जातो आणि त्याचा फायदा मात्र सगळ्या घराला होतो. निर्णय घेताना हा धोका मोजायला हवा, आणि सोडायचंच ठरलं तर तो कागदोपत्री वाटून घ्यायला हवा.

पगाराच्या चिठ्ठीत न दिसणारा पगार

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक बाई, महिन्याचा एकूण पगार ७०,००० रुपये, त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, ३५,०००. पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात साधारण ६५,५०० येतात. खर्च असा: पाळणाघर १४,०००, स्वयंपाकाच्या मावशी ५,०००, जाणंयेणं ५,०००, दमून घरी आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण ४,०००. हे झाले २८,०००. उरले ३७,५००. तोंडी हिशेब इथेच संपतो.

आता राहिलेलं मांडू. पीएफमध्ये बेसिकच्या १२ टक्के तिचे आणि तेवढेच कंपनीचे, म्हणजे महिन्याला ८,४००. कंपनीच्या वाट्यातला एक तुकडा पेन्शन योजनेत जातो, पण तोही तिचाच. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी मिळते. सूत्र आहे शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६. ते इथे वर्षाला सुमारे २०,२०० होतात, म्हणजे महिन्याचे १,७०० च्या आसपास. कंपनीच्या आरोग्य गटविम्यात नवरा-मूल असतील आणि तसाच विमा बाहेरून घ्यायला वर्षाला चोवीस-पंचवीस हजार लागत असतील, तर महिन्याचे आणखी दोन हजार. सगळं धरून साडेसदतीसचे साडेएकोणपन्नास हजार होतात. खर्चाच्या बाजूलाही एकदा पाहा. नोकरी सोडल्यावर २८,००० पूर्ण वाचतात का? स्वयंपाकाच्या मावशी बऱ्याच घरांत तशाच राहतात, आणि मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की प्लेग्रुपची फी सुरू होतेच.

ग्रॅच्युइटीबद्दल इथेच एक सांगून ठेवते. कायम नोकरीत ती मिळायला सलग पाच वर्षं लागतात, आणि कायद्याने मिळणारी प्रसूती रजा सलग सेवेत धरली जाते. कोणाची साडेचार वर्षं झाली असतील तर राजीनामा सहा महिने पुढे ढकलण्याचा फायदा एका वर्षाच्या ग्रॅच्युइटीएवढा नसून पाचही वर्षांच्या ग्रॅच्युइटीएवढा असतो. दमलेल्या अवस्थेत घाईने राजीनामा देताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कराचाही मुद्दा आहे. आपल्याकडे नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा मोजतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, मग नवऱ्याचा पगार कितीही असो. त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या बाईच्या ८ लाख ४० हजारांवर कर शून्य. अमेरिकेत बहुतेक जोडपी एकत्र विवरणपत्र भरतात, तिथे दुसरा पगार पहिल्याच्या वर रचला जातो आणि त्यावर वरच्या दराने कर लागतो. म्हणून ‘दुसरा पगार करातच जातो’ हे तिकडच्या नातेवाइकांचं म्हणणं तिकडे खरं असेलही, पण ते इथल्या हिशेबात घेऊ नका.

सहा वर्षांनी

पाळणाघराचा खर्च मोठा असला तरी काही वर्षांचा असतो. पगार मात्र वाढत जातो. वरच्या पगारात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर सहा वर्षांनी ७०,००० चे सुमारे १ लाख ११ हजार होतात, आणि मधल्या सहा वर्षांचा एकूण पगार साडेएकसष्ट लाखांच्या घरात जातो. सहा वर्षांनी परत आलेल्या बाईला जुनेच ७०,००० मिळाले तर दरमहा ४१,००० चा फरक तिथून पुढेही राहतो. तो मधल्या वर्षांत गेलेल्या पैशापेक्षा मोठा ठरू शकतो, कारण तो निवृत्तीपर्यंत चालतो.

अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या कमाईच्या अभ्यासाबद्दल. शिक्षण सारखं, सुरुवातीचा पगार जवळपास सारखा, तरी पहिलं मूल झाल्यावर दोघांच्या कमाईत दरी पडते असं त्यांनी दाखवलं. त्यांचं एक निरीक्षण आपल्याकडे फार नीट लागू पडतं. काही नोकऱ्या हावऱ्या असतात. रात्री अकराचा कॉल घ्या, महिनाअखेरीला शनिवार-रविवार द्या, उद्याच्या उद्या बंगळूरला जा. जो हे करतो त्याचा पगार तासांच्या प्रमाणात न वाढता त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. घरात लहान मूल असेल तर दोघांना एकदम अशी नोकरी झेपत नाही. मग एक जण हावरी नोकरी करतो आणि दुसरा ताप आलेल्या मुलाजवळ थांबतो. आपल्याकडे हा दुसरा कोण, हे सांगायला सर्वेक्षण नको. तरी आकडा आहे: सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देत होत्या, पुरुष ८८.

यातून निघणारी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती घरी असते म्हणून त्याला रात्रीचा कॉल घेता येतो. त्याचं प्रमोशन ही दोघांच्या कामाची कमाई आहे, फक्त ती जमा होते त्याच्या खात्यात.

मुलाचं काय?

पैशाचं बोलणं लांबलं की कोणीतरी म्हणतंच, ‘पण मुलाचं काय?’ प्रश्न योग्य आहे. फक्त तो अनेकदा घाबरवायला वापरला जातो.

अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी अभ्यासात तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. आईजवळ वाढलेली आणि इतरांनी सांभाळलेली मुलं यांच्यात सरसकट म्हणावा असा फरक दिसला नाही. मुलाच्या वाढीवर घरच्या वातावरणाचा, आई मुलाला किती समजून घेते याचा परिणाम सांभाळणारं कोण यापेक्षा जास्त होता. सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल तर भाषेची वाढ थोडी बरी, आणि फार लांब तास पाळणाघरात असेल तर वागण्याच्या तक्रारी थोड्या जास्त, असंही दिसलं. दोन्ही परिणाम लहान होते. अभ्यास तिकडचा आहे, आपली घरं वेगळी आहेत. पण ‘पाळणाघरात ठेवलं म्हणजे मूल बिघडलं’ आणि ‘आई घरी म्हणजे मूल सुखी’ या दोन्ही ठाम वाक्यांना त्यातून आधार मिळत नाही.

म्हणून प्रश्न जरा खाली उतरून विचारा. ज्या पाळणाघरात ठेवणार तिथे एका मावशीकडे किती मुलं आहेत? ती मावशी वर्षभर टिकते की दर दोन महिन्यांनी बदलते? दुपारी टीव्ही किती वेळ चालू असतो? न सांगता दुपारी तीनला जाऊन पाहा, सगळं कळतं. आजी-आजोबा सांभाळणार असतील तर त्यांनी खरंच होकार दिलाय की नुसतं ‘बघू’ म्हटलंय? पासष्टीच्या आजीचे गुडघे आणि धावणारं दीड वर्षाचं मूल हे गणित दोन वर्षं टिकेल का, हे त्यांच्यासमोर बसून बोलायला हवं.

आणि समजा सगळं उत्तम आहे, पाळणाघर चांगलं, आजी खूश, पगारही बरा, तरी आईला मुलाजवळ राहावंसं वाटतंय. किंवा बाबाला. ते कारण पुरेसं आहे. त्याला आकड्यांचा आधार शोधायची किंवा ‘नाहीतरी काही उरत नव्हतं’ असं म्हणायची गरज नाही. पैसे जाणार आहेत हे माहीत असून घेतलेला निर्णय पुढे कमी बोचतो.

इथे एक सापळा आहे, तो अनुभवी आयांना माहीत असतो, नव्यांना नसतो. ‘तीन वर्षं घरी राहते, तो शाळेत जायला लागला की परत नोकरी’ असं ठरतं. पण पाळणाघर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात असतं आणि नर्सरी असते तीन तासांची. साडेबाराला व्हॅनवाले काका मूल सोसायटीच्या गेटवर सोडतात, मग? शिवाय दिवाळीची सुट्टी, मे महिना, गॅदरिंगची तालीम, पालकसभा तीही मंगळवारी सकाळी अकराला. पहिलीत गेल्यावर अभ्यास आला. म्हणजे शाळा सुरू झाल्यावर दिवस मोकळा न होता त्याचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांत बसणारी नोकरी मिळणं पूर्णवेळ नोकरीपेक्षा अवघड. ज्यांची तीन वर्षं आठ झाली त्यांच्या बाबतीत इच्छा कमी पडली असं क्वचितच असतं, दुपारची सोय लागलेली नसते. म्हणून परत जायचं असेल तर मूल किती वर्षांचं होईल यापेक्षा दुपारी बारा ते सहा ते कुठे असेल, याचं उत्तर आधी शोधा.

राजीनाम्याच्या आधी

हक्काचं जे आहे ते पूर्ण घ्या. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. प्रकृती साथ देत असेल तर आधीचे आठवडे वाचवून बाळंतपणानंतर वापरणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. रजेनंतर घरून काम करण्याची मुभा कामाच्या स्वरूपानुसार दोघांच्या संमतीने मिळू शकते, पण ती मागावी लागते. जुन्या मातृत्व लाभ कायद्यातल्या या तरतुदी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. ‘आमच्याकडे तसं काही नाही’ असं एचआरने तोंडी सांगितलं तर तेच ईमेलवर विचारा. उत्तराची भाषा बदलते.

सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याचा विचारही बालसंगोपन रजा संपल्यानंतरचा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना दोन मुलांसाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात, पहिले ३६५ पूर्ण पगारी आणि पुढचे ८० टक्के पगारावर. महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून १८० दिवस दिले आहेत. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ही रजा तुकड्यातुकड्याने घेता येते, त्यामुळे दहावीच्या वर्षासाठी काही राखून ठेवणाऱ्याही असतात. वडिलांच्या बाजूला चित्र कोरडं आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस, आणि खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही.

खासगीत बिनपगारी रजा, आठवड्याचे तीन दिवस, कमी प्रवासाची भूमिका, दुसऱ्या विभागात बदली, हे सगळं मागून पाहण्यासारखं आहे. राजीनामा द्यायला तयार असलेल्या माणसाची बोलणी करण्याची ताकद त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच आपण ‘कशाला उगाच’ म्हणून गप्प बसतो.

शिवाय एकदा तरी हे मांडून पाहा: सोडायचीच असेल तर कोणाची? तिचा पगार जास्त असेल, किंवा त्याच्या क्षेत्रात खंड पडला तरी परत येणं सोपं असेल, तर बाबाने घरी राहणं हा हसण्यावारी न्यायचा पर्याय नाही. आत्याबाई काय म्हणतील ते म्हणतील.

सोडायचं ठरलं, तर कागदावर

आता धोका वाटण्याचं काम. घरात प्रेम आहे म्हणून हे टाळलं जातं. माझ्या मते प्रेम आहे तोवरच हे सहज बोलता येतं.

आधी कायदा काय म्हणतो ते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. महाराष्ट्रात तसं नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचा, एफडी ज्याच्या नावावर त्याची. घरी राहणाऱ्या बाईच्या कामाला न्यायालयांनी किंमत दिली आहे खरी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात गृहिणीचं मानीव, म्हणजे तिच्या कामाचं गृहीत धरलेलं, उत्पन्न धरायलाच हवं असं स्पष्ट सांगितलं. नोव्हेंबर २०२० च्या पोटगीवरच्या निकालात मुलांसाठी सोडलेल्या नोकरीचा विचार करायला सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा समान वाटा मान्य केला. पण हे सगळं अपघातानंतर, मोडलेल्या संसारानंतर, वकिलाची फी भरून मिळतं. आजच्या आज करता येण्यासारखं सोपं आहे: घर दोघांच्या नावावर, आणि दरमहा ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात. ही रक्कम घरखर्चाची नव्हे. घरखर्चाचे पैसे महिनाअखेर संपतात आणि त्यातून म्हातारपण उभं राहत नाही. तिच्या पगारातून पीएफमध्ये जात होतं निदान तेवढं तरी तिच्या नावावर पडत राहावं.

इथे कराची एक गाठ आहे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर कर नाही, पण त्या पैशाची तिने एफडी केली तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून पीपीएफ बरा, तिथलं व्याज करमुक्तच असतं आणि तिच्या स्वतंत्र खात्यात वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात. तिची स्वतःची जुनी बचत मात्र तिचीच राहू द्या. ती गाडीच्या कर्जात फेडून टाकली जाते, असं होऊ देऊ नका.

पीएफ काढू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि ते सोडा, ‘पडून आहेत’ म्हणून काढलेले पैसे घराच्या रंगकामात जातात. खात्यावर व्याज जमा होत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र धरतात. पीएफच्या पेन्शनला एकूण दहा वर्षं सेवा लागते, आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले नाहीत तर आधीची वर्षं पुढच्या नोकरीच्या वर्षांत मिळवता येतात.

गटविमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा कुटुंबाचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाआधी घेतलेला असावा. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, दुसऱ्या बाळंतपणाचा विचार असेल तर प्रसूतीसाठीचा प्रतीक्षाकाळ वेगळा. मुदत विमा घ्यायचा तर नोकरीत असतानाच घ्या. रक्कम उत्पन्न बघून ठरते, नंतर घरी असताना तेवढी मिळत नाही, पण घेतलेली पॉलिसी हप्ते भरत राहिलं की चालू राहते. आणि नवऱ्याचा विमा तर हवाच, आता सगळं घर एका पगारावर आहे. ईएमआय त्या एका पगाराच्या किती टक्के होतो हे नोटीस पीरियड सुरू व्हायच्या आधी बघा. तीन महिने तिच्या पगाराला हात न लावता जगून पाहिलं की उत्तर मिळतं, आणि गंगाजळीही होते.

परतीची वाट उघडी ठेवायला फार मोठं काही लागत नाही. सीएचं सदस्यत्व, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, जे असेल त्याचं नूतनीकरण चुकवू नका. वर्षातून चार-दोन छोटी कामं बिल देऊन केलेली असली तर बायोडेटात खंड कमी दिसतो. टाटा समूहाने २००८ मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी वेगळी योजना आणली, नंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी तशा काढल्या. त्यांत शक्यतो अर्ज करा, पण जुन्या सहकाऱ्याचा फोन अजूनही जास्त उपयोगी पडतो.

शेवटच्या दिवशीची कामं: अनुभव पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक आणि त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल. कंपनीच्या मेलवर असलेलं अप्रेझलचं पत्र आणि प्रशंसेचे मेल नियमात बसत असेल तर आधीच मागून घ्या, संध्याकाळी सहाला ते खातं बंद होतं. त्या वर्षीचं टीडीएस प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर, पुढच्या जूनमध्ये येतं, त्यासाठी एचआरकडे खासगी ईमेल देऊन या.